शोधनिबंधाचे सारचित्र

२९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस होता. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी गावी त्या रात्री गणपती विसर्जन आटोपले आणि दमलेली माणसे उशिरा घरी येऊन निजली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. भूकंपाचे मान सुमारे ६.२ होते. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने हा आकडा काही फार नव्हे. पण उजाडले तेव्हा लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे पार बसली होती आणि सुमारे दहा हजार माणसे दगडमातीखाली प्राणास मुकली होती.

या भूकंपाने जसा घरांचा चुराडा केला, तसाच एका चित्रावरील विश्वासाचाही केला. ते चित्र म्हणजे भारताचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा. इमारतींच्या बांधणीसाठी ठरविलेल्या मानकाबरोबर तो नकाशा १९८४ साली प्रसिद्ध झालेला होता. त्यात देशाचे पाच पट्टे पाडले होते, आणि किल्लारीचा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. या पट्ट्यात हादऱ्याची तीव्रता फार तर पाचव्या प्रतीची होईल, अशी अपेक्षा होती. पाचव्या प्रतीच्या हादऱ्याने निजलेला माणूस जागा होतो, फळीवरचे भांडे खाली येते. घर कोसळत नाही. किल्लारीस प्रत्यक्ष आली ती आठव्या प्रतीची किंवा त्याहूनही अधिक तीव्रता.

नकाशा करणारे निष्काळजी होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. उपलब्ध नोंदी, भूस्तरांची रचना, पूर्वीचे धक्के या सर्वांचे सार त्यांनी एका पानावर आणले होते. परंतु या भागात मोठ्या भूकंपाची नोंद नाही, ही एक गोष्ट. आणि या भागात मोठा भूकंप होणार नाही, ही अगदी दुसरी गोष्ट. पहिली ज्ञानाची मर्यादा सांगते, दुसरी निसर्गाची. चित्रात मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. अज्ञानाची जागा आणि अभयाची जागा एकाच रेषेने वेढली गेली, आणि पाहणाऱ्याने तिचा अर्थ अभय असा घेतला.

हा प्रसंग येथे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, शास्त्रीय निबंधाचे सार एका चित्रात सांगण्याची प्रथा आता फार वाढली आहे. संशोधक आपला निबंध एखाद्या नियतकालिकाकडे धाडतो, तेव्हा निबंधाचा गोषवारा शब्दांत देणे तर जुनेच; पण आता पुष्कळ नियतकालिके त्याबरोबर एक चित्रही मागतात. निबंधातील आकृत्यांहून ते वेगळे असते. सबंध निबंधाचा मुख्य निष्कर्ष त्याने एका दृष्टिक्षेपात सांगावा, अशी अपेक्षा असते. मराठीत त्याला ‘सारचित्र’ म्हणावयास हरकत नाही. रसायनशास्त्राच्या नियतकालिकांत, जेथे रेणूची आकृती हीच एक भाषा आहे, तेथे ही चाल आधी रुजली. पुढे जीवशास्त्र, वैद्यक, भूशास्त्र अशा सर्व शाखांत ती पसरली.

या चित्राचे सामर्थ्य किती, याची एक परीक्षा शस्त्रवैद्यकाच्या क्षेत्रात झालेली आहे. ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात २०१७ साली अँड्र्यू इब्राहिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४ निबंधांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक निबंधाची वार्ता समाजमाध्यमावर एकदा नुसत्या शीर्षकासह व एकदा सारचित्रासह दिली गेली. चित्रासह दिलेली वार्ता लोकांनी सुमारे आठपट अधिक वेळा पुढे पाठविली. मूळ निबंधाकडे वळणाऱ्यांची संख्याही वाढली. पण ती तिपटीहून थोडी कमीच. या दोन आकड्यांमधील अंतर फार बोलके आहे. चित्र जितके दूर जाते, तितका निबंध जात नाही. चित्र पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हाती मूळ मजकूर कधीच पडत नाही. निबंधात लेखकाने ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘अमुक गृहीत धरल्यास’ असे जे सावध शब्द घातलेले असतात, ते मागे राहतात आणि चित्र एकटेच प्रवासास निघते. तेव्हा त्या एकट्या प्रवाशाच्या गाठोड्यात काय बांधून द्यावयाचे, हाच सारचित्र तयार करणाऱ्याचा खरा प्रश्न होय.

समजा, एखाद्या अभ्यासकास किल्लारीच्या भूकंपावरील निबंधासाठी सारचित्र करावयाचे आहे. त्याने प्रथम काय करावे? पेन्सिल उचलू नये. आधी एक वाक्य लिहावे. निबंधाचा निष्कर्ष एका सरळ वाक्यात, कर्ता व क्रियापद यांसह, लिहिता आला नाही, तर चित्र चांगले निघणे शक्य नाही. ‘किल्लारीचा भूकंप – एक अभ्यास’ हे वाक्य नव्हे, ती पाटी झाली. ‘काळ्या पाषाणाच्या थरांखालील प्राचीन खडकात निर्माण झालेला दाब एका तिरप्या भेगेवरून मोकळा झाला आणि नैर्ऋत्येकडील भाग ईशान्येकडील भागावर चढला’ हे वाक्य झाले. त्यात कोणी काय केले हे आहे. त्याचे चित्र काढता येते.

किल्लारीच्या बाबतीत तर या पहिल्याच पायरीवर पुष्कळ मोह आडवे येतात. एकाच घटनेत अनेक निबंधांची सामग्री आहे. जमिनीखालील खडकांची गोष्ट आहे. १९९२ च्या शरद ऋतूत गावाने अनुभवलेल्या लहान लहान धक्क्यांची आहे. माकणी येथील निम्न तेरणा धरणाच्या जलाशयाची आहे. दगडी घरांची आहे. आणि पुढे झालेल्या पुनर्वसनाचीही आहे. हे सारे एका चौकटीत कोंबले की चित्राची जत्रा होते. जे निबंधाने सिद्ध केलेले नाही, ते कितीही महत्त्वाचे असले, तरी त्याला त्या निबंधाच्या सारचित्रात स्थान नाही.

वाक्य ठरले म्हणजे चौकटीकडे वळावे. प्रत्येक प्रकाशनसंस्थेचे याविषयी नियम असतात, आणि ते आधीच वाचले तर पुष्कळ श्रम वाचतात. एल्सेव्हिअर या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या सूचनांत चित्राची रुंदी किमान १३२८ व उंची ५३१ पिक्सेल, म्हणजे तेवढे चित्रबिंदू, असावी. आणि पडद्यावर सुमारे १३ सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर उंच एवढ्या लहान आकारात ते वाचता यावे, असे सांगितले आहे. सेल प्रेस या संस्थेच्या सूचनांत १२०० पिक्सेलांचा चौरस मागितलेला आहे. आडवी पट्टी व चौरस यांची मांडणी एकसारखी असू शकत नाही. पट्टीत कथा डावीकडून उजवीकडे चालते, तर चौरसात ती वरून खाली आणणेही सोयीचे पडते. एकीसाठी केलेले चित्र दुसरीसाठी ताणून बसविणे म्हणजे एकाचा अंगरखा दुसऱ्यास घालणे होय.

आता किल्लारीचे वाक्य आडव्या पट्टीत बसवून पाहावे. नकाशा काढावा की जमिनीचा उभा छेद? नकाशा ‘कोठे’ हे सांगतो, छेद ‘कसे’ हे सांगतो. वाक्य भेगेच्या हालचालीविषयी असल्याने येथे छेदच हवा. पण छेद कोणत्या दिशेने घ्यावा? भेग ज्या दिशेने पसरली आहे, तिला काटकोनात. तरच तिचा उतार खरा दिसेल. किल्लारीची भेग ढोबळ मानाने वायव्य-आग्नेय रेषेच्या आसपास पसरलेली असून खोलीत ती नैर्ऋत्येकडे उतरत जाते. म्हणून पट्टीच्या डाव्या टोकास नैर्ऋत्य व उजव्या टोकास ईशान्य असे लिहावे. मधोमध भूपृष्ठापासून एक तिरपी रेषा खाली डावीकडे न्यावी, आणि तिच्या वरच्या अंगाचा खडक वर सरकल्याचा एकच बाण काढावा. दिशांची ही दोन लहान अक्षरे विसरली, तर छेद जगातील कोणत्याही गावचा होऊ शकतो.

येथून पुढची अडचण प्रमाणाची आहे, आणि तीच सर्वांत बोधप्रद आहे. समजा, पाच सेंटिमीटर उंचीत दहा किलोमीटर खोली दाखवावयाची आहे. याच प्रमाणाने तेरा सेंटिमीटर रुंदीत २६ किलोमीटर मुलूख मावतो. हानीचा मुख्य प्रदेश त्यात सहज येतो. इथवर ठीक. पण किल्लारीस जे छिद्र खोदून खडकांचे नमुने वर काढले गेले, ते ६१७ मीटर खोल आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केलेला आहे. त्या छिद्रात वरचे ३३८ मीटर काळ्या पाषाणाचे, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचे थर लागले. त्याखाली सुमारे आठ मीटर जाडीचा गाळाचा थर. आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. वर सांगितलेल्या प्रमाणात ३३८ मीटरचा पाषाण चित्रात दीड-पावणेदोन मिलिमीटर भरतो, आणि सबंध छिद्र सुमारे तीन मिलिमीटर. गाळाच्या थरास तर चार शतांश मिलिमीटरच वाट्यास येतात.

याहून नवल पुढेच आहे. भूकंपानंतर शेतांतून जमिनीवर जी कड उठलेली दिसली, तिची उंची एक मीटरही नव्हती. आपल्या चित्रात एक मीटर म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कित्येक पट बारीक. म्हणजे जिच्यामुळे किल्लारीची भेग भूशास्त्रज्ञांस प्रत्यक्ष पाहता व खणून तपासता आली, ती गोष्ट खऱ्या प्रमाणाच्या चित्रात दिसूच शकत नाही!

मग काय करावे? पुष्कळ जण उभे प्रमाण गुपचूप दहापट-वीसपट ताणतात. थर ठळक दिसतात खरे; पण सुमारे ४५ अंशांनी उतरणारी भेग जवळजवळ उभी होते, मीटरभराच्या कडेचा डोंगर होतो, आणि पाहणाऱ्यास वाटते की गाव एखाद्या कड्यावर वसलेले होते. प्रामाणिक मार्ग दोन आहेत. एक, ताणलेले प्रमाण चित्रातच स्पष्ट लिहिणे. दुसरा व अधिक चांगला, मोठा छेद खऱ्या प्रमाणात ठेवून भूपृष्ठाजवळचा भाग वर्तुळात मोठा करून दाखविणे. भिंगातून पाहावे तसा. वर्तुळात पाषाणाचे थर व कड, बाहेर खोल खडक व भेग. आणि दोहोंस आपापली मापनपट्टी. पाहणाऱ्याच्या ध्यानात एक मोठे सत्य आपोआप येते: माणसाने तपासलेले ते तीन मिलिमीटर, आणि उरलेले सारे अनुमान.

हे अनुमान चित्रात कसे दाखवावे, हा सारचित्राच्या कलेतील सर्वांत नाजूक भाग होय. छिद्रातून नमुना हाती आला तेथवर खडकाची सीमा सलग रेषेने काढावी. भूकंपलहरींच्या नोंदींवरून गणिताने जे काढले, ते तुटक रेषेने. जेथे पुरावाच नाही, तेथे थर काढून जागा भरू नये. तेथे प्रश्नचिन्ह ठेवावे, किंवा फिकट करीत रेषा सोडून द्यावी. चित्रकाराचा हात रिकाम्या जागेस भितो. शास्त्रज्ञाने मात्र रिकामी जागा रिकामी म्हणूनच ओळखू येईल, अशी व्यवस्था केली पाहिजे.

किल्लारीच्याच संशोधनात याचे एक सुरेख उदाहरण आहे. १९९६ साली या भूकंपावर दोन महत्त्वाचे निबंध निरनिराळ्या नियतकालिकांत आले. लिओनार्दो सीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, लाव्ह्याच्या थरांतून गेलेली ही भेग नवीच आहे काय, असा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच घातला. सी. पी. राजेंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र, प्राचीन खडकात पूर्वीपासून असलेली भेग पुन्हा जागी झाल्याचे हे उदाहरण आहे, असे प्रतिपादन केले. दोन्ही पक्ष अनुभवी, दोघांच्या हाती पुरावे. या दोन मतांची सारचित्रे काढली तर फरक किती लहान दिसेल! एका चित्रात तिरपी रेषा ताजी, एकाच हिसक्याची. दुसऱ्यात त्याच रेषेवर जुन्या सरकण्याच्या खुणा. पण त्या लहान फरकाचे मोल फार मोठे आहे. भेगा जुन्याच जाग्या होत असतील तर त्या शोधून ठेवता येतील, आणि गावांना आधी सांगता येईल. भेग नवीच पडत असेल तर शोधावयाचे काय? अशा ठिकाणी सीबर यांनी शीर्षकात ठेवलेले प्रश्नचिन्ह सारचित्रातून गाळणे हा केवळ सौंदर्याचा दोष नव्हे. ते असत्य होईल.

बाणाविषयीही हेच म्हणता येईल. शब्दांत ‘संबंध असू शकेल’ असे लिहिता येते. बाणास ‘असू शकेल’ हा प्रकार ठाऊक नाही. बाण काढला की कारण व परिणाम ठरून जातात. तेरणेवरील जलाशयाचा या भूकंपाशी काही संबंध असावा काय, असा प्रश्न काही अभ्यासकांनी उपस्थित केला. त्यावर मतैक्य झालेले नाही. चित्रात जलाशयाचा निळा आकार काढून त्यातून भेगेकडे एक बाण नेला, की चर्चेत असलेला प्रश्न सुटलेला दिसू लागतो. तेव्हा प्रत्येक बाणाखाली मनात एक क्रियापद लिहून पाहावे: ‘ढकलतो’, ‘झिरपते’, ‘वर सरकतो’. ज्या बाणास असे क्रियापद सापडत नाही, किंवा सापडलेले क्रियापद निबंधात सिद्ध झालेले नाही, तो बाण पुसून टाकावा.

अक्षरे व रंग यांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. सारचित्रात शब्द थोडे असावेत. शीर्षक चित्रात पुन्हा लिहू नये, कारण ते शेजारीच छापलेले असते. अक्षर साधे व मोठे असावे. सेल प्रेसच्या सूचनांत एरिअल हे साधे वळण व १२ ते १६ अंकांचा आकार सांगितलेला आहे. रंगांत हौस आवरावी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरामागे सुमारे आठांना तांबडा व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. आपल्याकडेही असे लोक आहेत. म्हणून धोका तांबडा व निर्धास्तपणा हिरवा, एवढ्यावरच अर्थ टांगून ठेवणे बरे नव्हे. निळा व नारिंगी ही जोडी बहुतेकांस कळते. इंद्रधनुष्याचे सर्व रंग ओळीने वापरण्याची जुनी सवयही टाकावयास हवी. पिवळा पट्टा डोळ्यांत भरतो आणि जेथे आकड्यांत मोठी उडी नाही तेथे ती असल्याचा भास होतो. फाबिओ क्रामेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली याविरुद्ध सविस्तर लिहिले असून, फिक्याकडून गडदाकडे समान पायऱ्यांनी जाणाऱ्या रंगमाला सुचविल्या आहेत. चित्र एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून पाहावे. तेथेही अर्थ टिकला तर रंगांची निवड योग्य.

आतापर्यंत खडकांच्या निबंधाचा विचार झाला. पण तीच पहाट स्थापत्यशास्त्रज्ञाच्या निबंधात आली, तर सारचित्र अगदी निराळे होईल. त्याचे वाक्य असे असेल: ‘भिंतीचे दोन पदर एकमेकांस बांधलेले नव्हते, म्हणून त्या फुटल्या.’ या भागातील जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड असत. बाहेरून एक व आतून एक असे दगडांचे दोन पदर रचून मध्ये लहान दगड व माती भरलेली असे. वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात ते घर गार राही. पाऊस गळू नये म्हणून वेळोवेळी वर मातीची भर पडे आणि छताचे ओझे वाढत जाई. हादरा बसताच भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, मधला भराव खाली सरकला आणि फुगलेली भिंत माणसांवर कोसळली. पुष्कळ ठिकाणी आतले लाकडी खांब उभे राहिले, आणि भिंती तेवढ्या गेल्या.

याचे सारचित्र तीन चौकटींत काढता येते: पहिलीत सबंध भिंतीचा छेद, दुसरीत तिचे पोट फुगलेले, तिसरीत दोन पदर सुटलेले. शेवटी एक चौथी लहान चौकट: दोन्ही पदरांतून आरपार गेलेला एक लांब दगड, आणि भिंत उभी. निबंधात अशा आरपार दगडांची चाचणी झालेली असेल, तरच ती चौकट द्यावी. नसेल तर ती सदिच्छा ठरेल, निष्कर्ष नव्हे. येथे तपशिलाचा हव्यासही नडतो. दगडाचा प्रत्येक खवला रंगविलेले चित्र गवंड्यास व अभियंत्यास काही अधिक शिकवीत नाही. दोन पदरांमधील रेषा मात्र ठळक हवी, कारण सारी गोष्ट त्या फटीची आहे.

अशा विषयात एक विवेक आणखी पाळावा लागतो. कोसळलेल्या घरांची, शोकाकुल माणसांची छायाचित्रे सारचित्रात घालण्याचा मोह होतो. ती नजर तत्काळ खेचतात. पण ज्याचा चेहरा त्यात आहे, त्याचे दुःख कोणाच्या निष्कर्षाचे भूषण होऊ नये. शिवाय छायाचित्र निष्कर्ष सांगतही नाही. ते फक्त हळहळ उत्पन्न करते. त्या पहाटे घरात कोणी होते, एवढे दाखविणे निबंधास अवश्य असेल, तर भिंतीच्या छेदाशेजारी निजलेल्या माणसाची एक साधी बाह्यरेषा पुरते. तिच्याने भिंतीची उंची व जाडीही नेमकी कळते.

चित्र तयार झाले म्हणजे परीक्षा घ्यावी. विषय न जाणणाऱ्या एखाद्या सुशिक्षित माणसास ते दहा सेकंद दाखवून झाकून ठेवावे आणि ‘काय समजले?’ एवढेच विचारावे. त्याने आरंभीच्या वाक्याच्या जवळपासचे काही सांगितले, तर काम झाले. त्याने ‘रंग छान आहेत’ म्हटले, तर पुन्हा कागद घ्यावा. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: ‘यातले काय अजून नक्की ठरलेले नाही, असे तुम्हांस वाटते?’ या प्रश्नास त्याला काहीच उत्तर देता आले नाही, तर चित्राने आपली मर्यादा लपविली असे समजावे. यानंतरच्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत. दुसऱ्याच्या निबंधातील आकृती घेतली असेल तर लेखी परवानगी हवी. भारताचा नकाशा असेल तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे हव्यात. आणि मूळ फाइल जपून ठेवावी, कारण परीक्षक दुरुस्ती सांगतातच.

अखेर पुन्हा त्या भूकंपाच्या नकाशाकडे वळले पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेस भूकंप झाला, तेव्हाही द्वीपकल्पाचा हा खडक स्थिर आहे, या समजुतीस धक्का बसला होता. १९७० साली नकाशा सुधारून कोयनेचा पट्टा वर चढविला गेला. किल्लारीनंतर २००२ साली पुन्हा सुधारणा झाली. पहिला पट्टा नकाशातून अजिबात नाहीसा झाला, आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. दोन्ही वेळा आधी धरणी हलली, मग रेषा हलली.

रेषा आधी हलली असती तर किल्लारीची माणसे वाचली असती काय? तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. खेड्यातील शेतकरी आपले घर मानकांचे पुस्तक पाहून बांधीत नव्हता. त्याच्या भिंतीस नकाशाचा रंग ठाऊक नव्हता. पण १९९२ मध्ये जेव्हा लहान धक्के येऊ लागले आणि गावकरी घाबरून विचारू लागले, तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा हा शिक्का सर्वांच्याच मनात कोठेतरी होता. ‘येथे होणार नाही’ आणि ‘येथे काय होईल हे ठाऊक नाही’ या दोन उत्तरांत जे अंतर आहे, तेवढ्या अंतरात पुष्कळ काही करता येते: भिंती तपासता येतात, माळवदाची माती उतरविता येते, आरपार दगड घालता येतो.

सारचित्र काढणारा तरुण संशोधक बहुधा आपले चित्र देखणे कसे होईल, या चिंतेत असतो. ती चिंता गैर नाही. देखणे नसेल तर कोणी पाहणार नाही. परंतु निबंधाच्या पानांतून सुटून एकटे निघालेले ते चित्र उद्या कोणाच्या मेजावर जाईल, कोणत्या गावाविषयीचा निर्णय त्यावरून होईल, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून आपल्याला जे कळले ते त्याने ठळक रेषेने काढावे, आणि जेथे कळणे संपते, तेथे ती रेषा तुटक करण्यास लाजू नये.